एक काळीज आणि पावभर कलेजी

सत्तरच्या दशकात मी नागपुरात बायोकेमिस्ट्री शिकत होते. एका सकाळी सदर बाजारातल्या मटणाच्या दुकानासमोर पदराने नाक दाबून उभी राहिले आणि म्हणाले, "एक काळीज द्या, आणि पावभर कलेजी."

दुकानदाराने मला निरखून पाहिलं. "दोन्ही अलग अलग बांधू काय, बाई?"

"हो, अलगच पाहिजे," मी ठसक्यात सांगितलं.

मी माळकऱ्याच्या घरातली. कलेजी म्हणजे यकृत, हे मैत्रिणींकडून कळलं होतं. आणि काळीज? ते तर परीक्षेच्या दिवशी धडधडतं, वाईट बातमी आली की त्यात चर्र होतं. म्हणजे हृदयच, आणखी काय असणार! दोन्ही पुडकी बर्फात घालून प्रयोगशाळेत आणली, त्यांवर नावं टाकली आणि तोंड फिरवून एकेक खलात घोटलं. नीट पाहिलं असतं तर पुस्तकातल्या चित्रावरूनही ओळखलं असतं, पण मला ओकारी आवरायची होती.

एकच एन्झाइम वेगवेगळ्या अवयवांत वेगवेगळ्या रूपांत असतं. जेलच्या थरावर त्याचे पट्टे उमटले, की कुठलं रूप कुठे जास्त ते वाचायचं, एवढंच माझं काम. माझ्या दोन्ही नमुन्यांचे पट्टे हुबेहूब सारखे निघाले. शंका यायला हवी होती. मला चढली ऐट. बकऱ्याच्या हृदयात यकृताचं रूप एवढं जास्त का, याची पानभर कारणं मी शोधून काढली, आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी माझ्यावर विसंबून ती मान्य केली.

पुढच्या संशोधनासाठी एकच जागा होती आणि ती विभागातल्या सेमिनारवर ठरणार होती. मिळाली तर शिक्षण चालू, नाहीतर मला पाहून गेलेल्या मंडळींना होकार, असं घरी ठरलं होतं. बाबा मुद्दाम पारशिवनीहून आले आणि धुवट टोपी घालून मागच्या बाकावर बसले.

माझं बोलणं संपल्यावर बाहेरून आलेल्या एका प्राध्यापिकेने विचारलं, "हृदय आणलं कुठून?"

"सदरमधून. मी स्वतः काळीज मागून घेतलं."

ज्यांच्या घरी मटण शिजायचं ते सगळे हसले. ज्यांच्या घरी शिजत नव्हतं ते शेजाऱ्याला विचारून हसले.

"अहो, मटणवाल्याकडे काळीज म्हणजेच कलेजी," त्या हसू दाबत म्हणाल्या. "तुम्ही यकृताची तुलना यकृताशीच केलीत."

सर उठले. "नमुना तपासायला हवा होता तो मी," ते म्हणाले. माझा गाढवपणा अंगावर घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. बसस्टँडवर त्यांनी विचारलं, "सारे काहून हासले वं?"

"आवडलं त्याइले," मी बोलून गेले.

त्यांचा चेहरा खुलला. "मंग जागा तुलेच भेटते! त्या पाहुन्याइले उद्याच नाही म्हनून सांगतो. पोरगी शिकून राहिली म्हनतो." आणि ते खुशीत बसमध्ये चढले.

माझी मान वर होईना. बस हलली तशी मी खिडकीशी धावले. "बाबा, त्याइले नाही नोका म्हनू!"

"काहून?"

इंजिनाचा आवाज एवढा होता, की मला सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडावं लागलं, "जागा मले नाही भेटत, बाबा. ते माह्यावर हासले."