रखमाजी आबा जोडी फोडतात

आमचे रखमाजी आबा आयुष्यभर शर्यतीच्या बैलांमागे पळाले. गाव आंदर मावळात, धरणाच्या काठाला. पण आबा कायम कुठल्या तरी शर्यतीच्या घाटावर, बैलांची जोडी पारखत. रंग जुळला पाहिजे, शिंगं जुळली पाहिजेत, चाल जुळली पाहिजे. आजी, म्हणजे मुक्ताबाई, घरी एकटी.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर आबांनी बैल विकले आणि आजीला सांगितलं, "आता मोटरहोडी घ्यायची. शर्यत न्हाई, काय न्हाई. तुला पान्यावर फिरवतो."

"ह्यो शेवटचा शबूद," आजी म्हणाली. "ह्यो मोडला, तर परत मला कुटं चल म्हनू नगा."

वलवणला होड्या विकणाऱ्या अतुलदादाच्या आवारात दोन लहान होड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, निळा पट्टा, मागे सारखंच इंजिन. आबा दोन्हींभोवती एक फेरी मारून आले.

"जुळी हायेत का रं?"

अतुलदादा नाकातून बोलतो आणि वाक्याच्या शेपटीला 'ॲक्च्युअली' बांधतो. "काका, कंपनी सेम, लांबी सेम ॲक्च्युअली. फक्त सीटा वेगळ्या ॲक्च्युअली."

आबांनी ऐकलंच नाही. एकीच्या पाठीवर थाप मारली. दुसरीच्या पंख्याची पाती बोटानं चाचपली, जणू दात बघतायत. मग विचारलं, "उजवीला कोन चालती, डावीला कोन?"

"एकेकटीच चालते ॲक्च्युअली."

"आरं, आसली जुळल्याली जोडी फोडायची? पाप लागंल!"

"मग दोन्ही घेता, काका?" आनंदाच्या भरात अतुलदादा ॲक्च्युअली विसरला.

आजीनं पदर खोचला. "दोन? एकीत तुमी आन् एकीत मी? त्ये तर आजवर चालूच हाये की!"

अतुलदादाला खोकला आला.

आजी चपला काढून, देवळात शिरावं तशी, पहिल्या होडीत चढली. पुढे चालवणाऱ्याची सीट, मागे दुसरी. "बसा म्होरं." आबा बसले. आजीनं क्षणभर पाहिलं. "उठा. हितं मला निस्ती तुमची पाठ दिसती. ती लय बघून झाली."

दुसऱ्या होडीत सीटा शेजारी शेजारी होत्या. आजी बसली आणि बाजूची जागा हातानं झाडली. आबा स्टेअरिंगपाशी टेकले. तिच्याकडे बघितलं, मग लाजत म्हणाले, "डावीला चालशील का?"

"चालंन. शिंगं मारू नगा."

झालं, तीच घेतली. पण फाटकाबाहेर पडेपर्यंत आबा मागे वळून त्या दुसरीकडे बघत होते. घरी आल्यावर गोठ्यामागे जाऊन त्यांनी हळूच कुणाला तरी फोन लावला.

पहिल्या फेरीला मी मागच्या फळीवर. आजी नारिंगी जाकिटात, डोळे घट्ट मिटून. होडी पाण्याच्या मधोमध आली आणि पलीकडच्या काठावरून एक इंजिन जवळ आलं. पांढरी होडी, निळा पट्टा! आत आजीचा भाऊ, जानू.

"दाजी, तुमच्या सांगन्यावरनं घेतली बगा! येताय का पळवायला?"

आबांचा हात वेगाच्या दांड्याकडे गेला. मग त्यांनी आजीकडे पाहिलं आणि तो गुपचूप मांडीखाली दाबून ठेवला.

"न्हाई रं जानू. आमी निस्तं फिरतोय."

"बरं!" म्हणत जानू भुर्रकन पुढे. त्याच्या होडीचं पाणी आजीच्या तोंडावर सपकन आलं. आजीनं डोळे उघडले.

"फिरताय काय! त्यो म्होरं गेला! पळवा!"