अल्टरनेटर आणि अंबाड्यातला आकडा

आमच्या घरात गाडी चालवायची मी. ह्यांनी एकदा शिकायचा प्रयत्न केला, त्यात शेजाऱ्यांचं कुंपण गेलं. तेव्हापासून हे मागच्या सीटवर पेपर वाचत बसायचे. हे सिल्वासात सरकारी कचेरीत होते, मी दुधनीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सकाळची बस पहिला तास बुडवूनच पोचवायची. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज उशीर होणार असेल तर ऑफिसातलं टेबल घ्या. गाडी होती म्हणून माझा वर्ग होता.

गाडी जुनी, तिची बॅटरी चार्ज करणारा डायनमो त्याहून म्हातारा. नव्वदच्या आसपास तो काढून आम्ही अल्टरनेटर बसवून घेतला. मिस्त्री धुळ्याकडचा, गॅरेज कारखान्यांच्या ट्रकांचं, काम सफाईदार. आता बॅटरी टुणटुणीत राहील म्हणून मी खूश होते, तर दुसऱ्याच दिवशी चावी फिरवली आणि नुसतं टक् झालं. तिसऱ्या दिवशीही तेच. पहिल्या पाळीला निघालेले कामगार हसतहसत ढकलायचे. 'चला रे, बाईंची गाडी!' हे आत पेपरामागे. माझी मान खाली.

मिस्त्री म्हणाला, "मॅडम, अल्टरनेटर एकदम ओके हे. बॅटरीच खलास. नवी टाकून द्या."

ह्यांनी तर कमालच केली. "रविवारी वापीहून एकजण गाडी बघायला येतोय," म्हणाले. मला न विचारता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, रविवार उजाडायला तीन दिवस आहेत, बघून घेते.

त्या संध्याकाळी मी बॅटरीची एक केबल काढून ठेवली. सकाळी जोडली, तर गाडी पहिल्या चावीत सुरू. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष होती, जोडलेली असली की कोणीतरी तिचं रक्त पीत होतं. हे ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग रोज काढ-घाल करत बसणार का?"

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी घरी आले, पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. पुन्हा केबल सोडवली आणि ती आणि बॅटरी यांच्यामध्ये हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. सातवीच्या मुलांना शिकवते तेच सर्किट. दारं बंद, दिवे बंद, चावी माझ्या कमरेला, आणि तरी बल्ब पेटला! मग एकेक करून सगळे फ्यूज उपसले. बल्ब ढिम्म विझेना. फ्यूजमधून न जाणारी, नव्यानेच जोडलेली वायर एकच होती, अल्टरनेटरची. केबल जागेवर लावली आणि वाकून त्याच्या मागे बघायला लागले, तेवढ्यात अंबाड्यातला आकडा निसटला. खाली पडलाच नाही. अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगला जाऊन चिकटला.

मी अंगणात एकटीच ओरडले, "सापडला!" बंद गाडीतला अल्टरनेटर लोहचुंबक झाला होता. त्याच्या आतल्या वेटोळ्यातून रात्रंदिवस करंट वाहत होता. चावीवरून यायला हवी ती वायर मिस्त्रीने थेट बॅटरीला जोडली होती.

मिस्त्रीला घरी बोलावलं. मी नुसता आकडा लावून दाखवला. त्याने तो उपटला, पुन्हा लावला, पुन्हा उपटला. "हाई काय व्हयनं!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "मॅडम, ट्रकवाला रात्री बॅटरीचा मेन स्विच पाडून झोपतो, म्हणून आम्ही डायरेक्ट देतो. हात तसाच गेला." आमच्या गाडीला मेन स्विच कुठला? दहा मिनिटांत त्याने वायर चावीवर घेतली. आकडा लावला, तो टपकन खाली पडला. इतका आनंद मला बी.एड.च्या निकालाला झाला नव्हता.

रविवारी वापीचे गृहस्थ बसने आले. केबल रात्रभर जोडलेलीच होती. मी चावी फिरवली, गाडी लगेच सुरू. ते खूश होऊन ह्यांना म्हणाले, "साहेब, पक्की करू या."

"विकायची नाही," मी म्हणाले.

ह्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मालकीण म्हणते तसं," म्हणाले.

गृहस्थांना बस स्टँडवर मीच सोडलं. ते मागे बसले. पेपर घरीच ठेवून हे पहिल्यांदाच पुढे, माझ्या शेजारी बसले होते. सोमवारी पहिल्या पाळीचे कामगार सवयीने गाडीपाशी येऊन थांबले, तेव्हा मी हॉर्न वाजवून त्यांच्यासमोरून दुधनीला निघून गेले.