बयोचा अर्ज

पत्रक हातात दिलं की काका आधी ते हातभर लांब धरायचे, मग लाल पेनाचं टोपण काढायचे. "आवेश छान आहे, पुढारीणबाई. आता पुरावा दाखवा." असा एखादा माणूस तुम्हालाही भेटला असेल. आपल्याच बाजूचा, आणि तरी आपली प्रत्येक ओळ अडवणारा.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त होऊन ते बराकपूरलाच राहिले होते. बायको गेलेली, मुलगा कॅनडात. मी न्यू टाउनमध्ये नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी एस्प्लनेडच्या गर्दीत पत्रकं वाटते. लहानपणी आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त होती. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. मसुदा मी मराठीत लिहायचे, मग तो बंगालीत करून घ्यायचे. पण खरं सांगायचं तर काकांकडे मी मसुद्यासाठी जात नव्हते. या बंगाली शहरात मराठीत भांडायला मिळेल असं ते एकच घर होतं.

काका रोज सकाळी बाजारातून लाल जास्वंद आणायचे. इथे ती कालीमातेला वाहतात, म्हणून शेजारच्या बायका त्यांना मोठा भक्त समजत. मीही समजत होते आणि त्यावरून टोमणे मारत होते. ते नुसते हसायचे.

मग एकदा मी परदेशी सरपटणाऱ्या प्राण्यांवरचं पत्रक घेऊन गेले. दूरच्या जंगलातले जीव पिशवीत कोंबून आणायचे आणि हौस फिटली की कुठल्याही तळ्यात सोडून द्यायचे, हा व्यापार बंद करा. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी नोंद करावी. कागद नसेल तर प्राणी जप्त करा. अपवाद नको.

काकांनी दोन स्वल्पविराम घातले. मग उठून आतल्या खोलीचं दार उघडलं. "ये. पुरावा बघ."

खिडकीच्या गजांवर शेपटीसकट चार फुटांची हिरवी इग्वाना पसरली होती आणि कालीमातेची जास्वंद सावकाश चावत होती.

"ही बयो. मुलानं कॉलेजात असताना आणली. तो गेला, ही राहिली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू लगेच पत्रक काढलं असतंस." तिच्या गळ्याखालची सैल कातडी बोटानं खाजवत ते म्हणाले, "दिवसभर हिच्याशी मराठीत बोलतो. ऐकून घेते बिचारी. तुझ्यासारखे मुद्दे काढत नाही."

त्या दिवशी आम्ही खूप भांडलो. "नियम हवाच," ते म्हणाले. "पण जप्त करा म्हणतेस, तर जप्त करून ठेवणार कुठे, तेही लिही."

"एक अपवाद केला की नियम मेला, काका."

"मोठ्ठं वाक्य आहे," ते म्हणाले आणि त्याखाली लाल रेघ मारली.

नियम आला. नोंदणीच्या अर्जात एक रकाना होता: प्राणी कुठून मिळाला, सोबत कागद जोडा. मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, मित्रानं भेट दिली असं लिहा. पत्र मी मिळवून देतो. सगळे हेच करताहेत." काकांनी नोकरीभर दुसऱ्यांचे अर्ज तपासले होते. बनवलेला कागद त्यांना पाहताक्षणी कळायचा. तरीही त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"तू सांग. काय लिहू?"

बयो त्यांच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती.

"खरं ते लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं: रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून. नाव माहीत नाही. पावती नाही.

अर्ज नामंजूर झाला. दोन माणसं पिंजरा घेऊन आली; नीट वागली. काकांनी त्यांना बंगालीत लिहिलेला कागद दिला: मायाळूची पानं बारीक चिरून द्यावीत, अंगावर पाणी शिंपडावं, मोठ्यानं बोलू नये. पोचपावतीवर त्या माणसांनी 'एक सरडा' लिहिलं होतं. काकांनी ते खोडायला लावून 'इग्वाना, मादी' करून घेतलं. पिंजरा जिना उतरू लागला तेव्हा ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "बयो, घाबरू नकोस गं." नेणाऱ्यांना ते कळलं नाही. मला कळलं.

ज्या केंद्रात तिला ठेवलं होतं तिथे काका दोनदा गेले. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, असं उत्तर मिळालं. "नियम आहे," एवढंच त्यांनी मला सांगितलं.

नियम बरोबर होता. आजही मी तो बरोबरच म्हणते. नव्या पत्रकात जप्त प्राण्यांच्या निवाऱ्याची मागणी मात्र सगळ्यांत वर असते. ते तपासायला काका नाहीत. हिवाळा संपता संपता ते गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जानेवारीतल्या एका दुपारी. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत, बयोला ऊब मिळावी म्हणून टांगलेला मोठा दिवा चालू होता आणि त्याच्याखाली शाल पांघरून काका खुर्चीत बसले होते. मला पाहताच ओशाळून त्यांनी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," मी म्हणाले आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.