पच्चैमलैची वकीलआत्या

वकीलआत्या दुसऱ्याच्या जमिनीवर न विचारता पाऊल ठेवत नसे. कुंभकोणमला आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटमधून सगळी गल्ली बसस्टँडकडे जायची. ही एकटी वळसा घालायची. "पुसल्यावाचून कसें जायचें?" म्हणायची. आमच्या तंजावरी मराठीत पुसणं म्हणजे विचारणं.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. कोर्टात तमिळ, घरात आमची जुनी मराठी. दारासुरमच्या विणकरांच्या वाटण्यांचे खटले चालवायची, पण जीव अडकला होता पच्चैमलैच्या डोंगरात. तिथल्या आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली उतारावरची शेतं सरकारी नकाशात जंगल होती. कागद कुणाकडेच नव्हता. वनहक्क कायद्यात म्हाताऱ्यांची साक्ष आणि पूर्वजांची थडगीही पुरावा धरतात, हे आत्या ग्रामसभेत बसून समजावून सांगायची.

एकदा मीही सोबत गेले होते. थडगी कुठे आहेत हे नीट ठाऊक असलेल्या वल्लियम्मा आजीने साफ नकार दिला. "आमचे पितर परक्यांना दाखवायचे नाहीत." तरुण मंडळी चिडली. मी हळूच म्हटलं, "आत्या, गावातल्या पोरांना रस्ता विचारून मी मोबाइलवर फोटो काढून आणू?"

आत्या माझ्यावर उखडली. "तिचें दार तें. ती उघडेल तेव्हां उघडेल."

थडग्यांविना दावा दाखल झाला आणि फेटाळला गेला. गावातले लोक आत्याशी बोलेनासे झाले. तिने अपील केलं आणि ती डोंगरात जातच राहिली. वल्लियम्माच्या ओसरीवर बसून नाचणी निवडायची. थडग्यांचा विषय मात्र काढायची नाही.

एका दुपारी म्हातारीच म्हणाली, "मी मेल्यावर मला तिथेच पुरतील ना?"

"जमीन राहिली तर," आत्या म्हणाली.

फेरतपासणीला समिती आली, तेव्हा वल्लियम्माने आधी कोंबडं देऊन पितरांची परवानगी घेतली आणि साहेबांना स्वतः पुढे होऊन नेलं. शेतांच्या हक्काचे पट्टे मिळाले. त्या दिवशी आत्या घरी येऊन नुसती हसत बसली होती, जेवायचंही विसरली.

गेल्या वर्षी आत्या गेली. तेरावं उरकल्यावर वल्लियम्माची लेक दारात उभी राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ऐकलं आणि पायरीवरच बसली. मी कॉफीचा टंबलर पुढे केला.

"आत्याकडे काही काम होतं का?" मी विचारलं.

"नाही. पलीकडच्या वाडीचा दावा मंजूर झाला. आम्ही बायकांनीच मांडला," ती म्हणाली. "आता आम्हाला वकील लागत नाही, एवढंच अक्काला सांगायचं होतं."