पेडव्यांचा तवंग

आमच्या घरातले मासे मी बंद केले. मालवणात राहून, बंदर दहा मिनिटांवर असताना. बायकोला हृदयाचा त्रास निघाला आणि जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला मी एकाएकी घरातला वैद्य झालो. माझ्यापुढे बोलायची कोणाची टाप होती!

तिला पेडवे म्हणजे जीव की प्राण. बोटभर लांबीचे, काटेरी, साधे मासे. त्यांचं तिखलं, म्हणजे तिखट दाटसर कालवण केलं की त्यांचं स्वतःचं तेल सुटून वर तवंग येतो. आधी मी तो चमच्याने काढून टाकायचो. मग वाटलं, एवढी चरबी अंगात असलेला मासा हवाच कशाला? पेडवे गेले, पाठोपाठ बांगडे गेले. डब्यावर लाल हृदयाचं चित्र असलेलं रिफाइंड तेल आणलं. त्यात भाज्या, त्यातच पुऱ्या, आणि चहाबरोबर दुकानातलं फरसाण. त्या चित्रावर माझा केवढा विश्वास! ती बिचारी वाद घालायची नाही. मासेवाली हाक मारत दारावरून गेली की आतल्या खोलीत जाऊन बसायची. दीड वर्षात ती गेली.

आता मी एकटा. मुलगी बंगळूरला असते. रविवारी फोन करते, नीट जेवता ना विचारते, मी हो म्हणतो. साफ खोटं. गेल्या महिन्यात माझ्याच रक्तात चरबी वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी काय खाता म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, मासे बंद, तेल रिफाइंड. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, चरबीच्या दोन जाती शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, खाण्यातूनच घ्याव्या लागतात, ओमेगा-सिक्स आणि ओमेगा-थ्री. पहिली तुमच्या तेलातून, फरसाणातून भरपूर येते. दुसरी पेडव्या-बांगड्यांत असते, ती तुम्ही तोडून टाकलीत. तेल म्हणजे विष नव्हे, पण दोन्हींचा मेळ हवा. तळण कमी करा आणि आठवड्यातून दोनदा कालवणातले मासे खा.

मालवणच्या माणसाला मासे खा म्हणून सांगायची वेळ यावी! मला राग आला, पण तो त्यांचा नव्हता. मी विचारलं, "बायकोला खाऊ दिले असते तर ती वाचली असती?"

"असं मी म्हणणार नाही, काका. त्यांचे कागद मी पाहिलेत. हृदय फार थकलं होतं, मासे म्हणजे काही औषध नव्हे. पण बंद करायचं कारण नव्हतं."

कारण नव्हतं. रिक्षा न करता चालत घरी आलो. वाटेत बाजारात पेडव्यांचे वाटे मांडलेले होते, मी मान फिरवली. त्या दिवसापासून घर खायला उठतं. मुलीला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगू तरी कोणत्या तोंडाने?

कारण शेवटच्या आठवड्यात बायकोने मागितले होते. उशीला टेकून बसली होती, मी पेज भरवत होतो. "माका एक पेडवो देशात?" म्हणाली. "एकच."

"आधी बरी हो, मगे खा," मी म्हटलं आणि चमचा पुढे केला. तिने मुकाट्याने तोंड उघडलं.