हमीद मास्तरांची सावकाश फ्रेंच

हमीद मास्तर शाळेच्या दारात पाऊल टाकायचे आणि चपला काढायच्या आधी शिपायाकडे बघून म्हणायचे, "बों...ऽ...झू...ऽ...र." विहिरीतून भरली घागर वर ओढावी इतका वेळ त्या एका शब्दाला लागायचा. आमचा शिपाई बाबूमियां बिचारा रोज उठून उभा राहायचा आणि "वालेकुम अस्सलाम" म्हणायचा. मास्तर हसायचे, पण लगेच आत जायचे नाहीत. क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्यांना हवं होतं ते उत्तर हे नव्हे.

वसमतच्या मिडल शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी हिसाब. निजामाचं राज्य, शिक्षण सगळं उर्दूत, आणि आम्ही दोघं एकाच बाकावर बसून डबा खाणारे. त्या वसमतमध्ये हळदीचे सौदे करणारे होते, कापसाचे दलाल होते, फारसीचे शेर पाठ असलेले म्हातारे होते. फ्रेंच बोलणारा मात्र हा एकच प्राणी. आणि तोही माझ्याच नशिबी आला होता.

त्यांच्या फ्रेंचचं मूळ हिंगोलीच्या छावणीत. कुणी गोरा साहेब मुलूख सोडून चालला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मास्तर तिथं खाट आणायला गेले होते. घेऊन आले चावीचा ग्रामोफोन, फ्रेंच शिकवणाऱ्या तबकड्या आणि सोबतचं इंग्रजी पुस्तक. त्यांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, ती पेटी बघितली आणि कपाळाला हात लावला. "खाट आनाया गेलते, बाजा घिऊन आले. आता निजा ह्याच्यावर!"

मास्तर निजले नाहीत, हे खरं. शाळा सुटली की चावी द्यायची आणि पेटीसमोर मांडी घालून बसायचं. तबकडीतला माणूस जड, घोगऱ्या आवाजात एकेक शब्द लांबवत बोलायचा आणि मास्तर हुबेहूब तसंच म्हणायचे. मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, हा माणूस जेवून सुस्तावलाय का? असा काहून बोलतो?"

"दत्तूसाब, बादशाही बोली हाय ती," मास्तर म्हणाले. "घाई न्हाई तिला. घाई करनारी मानसं येगळी, ती इंग्रज."

शेवटच्या तबकडीवर एक गाणं होतं. गाणारा त्यांचा फार लाडका. त्याचं नाव काही त्यांना वाचता आलं नव्हतं, लेबल फाटलं होतं, म्हणून ते त्याला खाँसाहेब म्हणायचे. "ऐका, खाँसाहेब कसे खर्जात उतरतात," म्हणून माझा हात दाबायचे. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कळायचं.

वर्गात भूगोलाचं पुस्तक उघडलं की गोदावरीवरून ते कधी पॅरिसच्या नदीवर पोचायचे, पोरांनाही कळायचं नाही. मला डबा खाताना शिकवायचे. "उर्दूतला आपला नूनगुन्ना त्यांच्याकडं बी हाय. नाकातून बोलायला आपन जनमताच शिकलोय. इंग्रजानं शंभर डाव तोंड वाकडं केलं तरी जमनार न्हाई त्याला." किंवा, "त्यांच्यात चंद्र बाई हाय, दत्तूसाब, आन सूर्य बाप्या." मी म्हणायचो, "असू द्या. त्या बाईला सांगा, भाकरी वाळून चालली." मग ते खायला लागायचे. या माणसाची थट्टा करणं सोपं होतं, आणि मी ती मनसोक्त केली. पण एक गोष्ट ते हसत हसत कधीच बोलले नाहीत. "बोलनं म्हंजी काय? समोरच्यानं उत्तर दिलं पाह्यजे. न्हाईतर मी भिताडाशी बोलून राहिलो. मरायच्या आधी एक डाव कोनी फ्रेंच मानसानं माझं बोलनं समजून मला उत्तर द्यावं. बस्स. मंग अल्लानं न्यावं."

औंढ्याच्या जत्रेत आम्ही तंबूतला सिनेमा बघायला गेलो. तेव्हा अजून मुकी चित्रं यायची, यंत्रवाला हातानं हँडल फिरवायचा. देवादिकांचं चित्र संपलं आणि शेपटाला परदेशातल्या गावाची एक छोटी रीळ लागली. रस्ता, घोडागाड्या, छत्र्या घेतलेल्या बाया. मास्तर ताडकन उभे राहिले. पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागले. "हे रोटीचं दुकान! ते कापडाचं! पॅरिस हाय, लोकहो, पॅरिस!" मागून आरोळ्या. "ओ मास्तर, बसा खाली! रोट्या घरी खा!"

मास्तर कुठले बसतात? दोन बाया एकमेकींशी बोलत होत्या आणि त्यांचे ओठ भराभर हलत होते. मास्तर थेट यंत्रवाल्यापाशी गेले. "अरे भल्या मानसा, किती जोरात फिरवून राहिला! मानसं अशी बोलत्यात का? हळू फिरव." तो भला माणूस खरंच भला निघाला. त्यानं रीळ पुन्हा लावली आणि रमतगमत फिरवली. पॅरिसची माणसं गुडघाभर चिखलातून चालावं तशी चालायला लागली, बायांचे ओठ संथ उघडायला मिटायला लागले, आणि मास्तर समाधानानं माझ्याकडे वळले. "आता बराबर." अख्खा तंबू हसत होता. मीही हसलो.

पुढं सरकारचा वजिफा निघाला. परदेशी भाषा येणाऱ्या मास्तरांना दोन वर्षं तिकडे शिकायला पाठवणार होते. भाषेची परीक्षा हैदराबादेत, घेणारा एक फ्रेंच पाद्री. हमीद मास्तरांनी अर्ज केला आणि गावात जणू त्यांचंच लग्न निघालं. भाभींनी नवी शेरवानी शिवून घेतली. त्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "भाऊ, दोन वर्सं म्या काढीन. पन तिथं ह्यांचं बोलनं लोकास्नी कळंल ना?" मी छातीठोकपणे म्हणालो, "भाभी, फ्रेंच माणसाला फ्रेंच नाही कळणार तर कुणाला कळणार?"

मास्तर पूर्णेवरून गाडी बदलून गेले आणि परत आले ते स्टेशनवरून सरळ माझ्या घरी. ओट्यावर बसले. पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"काय झालं?"

"म्या बोललो, दत्तूसाब. सगळं पाठ होतं ते बोललो. पाद्रीबाबानं मला खुर्ची दिली. मंग उर्दूत इचारलं, 'आपकी तबीयत ठीक नहीं क्या?'"

मी हसलो नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मला वाटलं, ऐकू कमी येत आसंल. पुन्ना बोललो. तर म्हनला, 'जबान पे लकवे का असर है क्या? आराम करो.' मंग तो शेजारच्या साहेबाशी फ्रेंच बोलला. भरभर, भरभर, चिमन्यावानी. मला एक शबुद कळला न्हाई. एक बी न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी ती पेटी उचलली आणि गावातल्या घड्याळजीकडे नेली. त्यानं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "वेगाचा स्क्रू गंजून बसलाय की. साहेबानंच विकताना बसलेला असंल. तबकडी निम्म्या चालीनंच फिरून राहिली." त्यानं तेल सोडलं, स्क्रू मोकळा केला. मी पेटी मास्तरांकडे आणली. हा घड्याळजी मला आधी का सुचला नाही, आणि सुचला तो कशाला सुचला, दोन्हीसाठी मी स्वतःला शिव्या घालतो.

मास्तरांनी आधी गाणं लावलं. खाँसाहेबांऐवजी एका बाईचा बारीक, खट्याळ आवाज घरभर उड्या मारायला लागला. भाभी दारात आल्या. "ही कोन?" मास्तरांनी धड्यांची तबकडी चढवली. तोच पहिला धडा, पाच वर्षं घोकलेला. आतला माणूस चटचट बोलून मोकळा झाला. मास्तरांनी सुई पुन्हा मागं ठेवली. पुन्हा ठेवली. कपाळावर घाम आला होता.

"हे माझं न्हाई," ते म्हणाले. "म्या शिकलो ती बोली कुठल्याच मुलखात न्हाई, दत्तूसाब."

मला त्या क्षणी त्या गोऱ्या साहेबाचा, त्या स्क्रूचा, सगळ्या जगाचा संताप आला होता. माणसानं जीव ओतून शिकावं आणि शिकलेलं खोटं निघावं, ही कुठली रीत?

पण जातीचा हट्टी माणूस. पुढच्या साली वजिफा पुन्हा निघेल म्हणून परत पहिल्या धड्यापासून बसले. शाळेच्या दारातलं बोंझूर बंद झालं. बाबूमियांनी मला विचारलंसुद्धा, "मास्तरसाब नाराज हैं क्या?" आणि मास्तरांची जीभ जरा कुठं सैल व्हायला लागली, तर तिकडे लढाई पेटली. वजिफा बंद. मग एक दिवस पॅरिसही पडलं. मी बातमी सांगितली तेव्हा ते फळ्यावर नकाशा काढत होते. खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "आता तिथं तरी उत्तर द्यायला कोन मोकळं आसंल?" त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी फ्रेंचचा एक शब्द काढला नाही. घरी पेटी वाजायची म्हणे, दार लावून.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात त्यांना मुदतीचा ताप आला. रझाकारांच्या धाकानं मी बायकापोरं निजामाच्या हद्दीबाहेर वाशीमला धाडली होती. आता निजामाचं राज्य बुडणार म्हणून मास्तरांच्या गल्लीतली घरंही कड्या लावून बसली होती. कोण कुणाला भितोय तेच कळत नव्हतं. हिंगोलीहून डॉक्टर आणावा तर रस्ते बंद. लोक म्हणाले, "दत्तोपंत, त्या गल्लीत जाऊ नका." मी गेलो. जायलाच पाहिजे होतं.

दुपार होती. भाभी उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवत होत्या. मास्तर डोळे उघडे ठेवून बोलत होते, फ्रेंचमध्ये. आणि भरभर! अडखळ नाही, लांबण नाही, त्या पाद्रीबाबासारखं. शेवटाला सूर वर जायचा, म्हणजे ते काही विचारत होते, काही मागत होते. एवढं बोलून थांबायचे आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघायचे. मग पुन्हा तेच विचारायचे.

भाभींनी पाणी पुढं केलं. त्यांनी मान हलवली. पेज आणली, नको. चादर ओढली, ती सारली. मी खिडकी उघडली, हात धरला, "मास्तर, आपल्या बोलीत सांगा हो, मी दत्तू," म्हणून ओरडलो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा, अगदी नम्रपणे म्हटलं. वाट बघितली. अख्ख्या तालुक्यात त्यांना काय हवंय ते समजेल असा माणूस नव्हता. दिवस कलायच्या आत ते गेले.

भाभी बराच वेळ रडल्या नाहीत. त्यांच्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, उर्दूत मागितलं आसतं, मराठीत मागितलं आसतं, तर म्या दिलं नसतं का?"