माडीवरच्या बाई आणि रविवारची पालखी

आमच्या माडीवरच्या बाईंइतका दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर फार दिवस टिकला नसेल. बाई नॉर्वेच्या. पासष्टीच्या, ताडमाड उंच. मिशनच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत दोन वर्षं बिनपगारी काम करायला आल्या आणि आमच्या माडीवर भाड्याने राहिल्या. निरोप घेताना आपण 'या एकदा जेवायला' म्हणतो. ते म्हणायचं असतं, मनावर घ्यायचं नसतं. बाई मनावर घ्यायच्या. पिशवीतून डायरी काढून "कधी?" विचारायच्या, वार लिहून घ्यायच्या आणि त्या वारी साडेबाराच्या ठोक्याला दारात हजर. पहिल्याच महिन्यात वाडीतल्या सात घरांची अशी धांदल उडाली. एका घरी तर चुलीवर नुसती पेज होती. बाईंनी ती तीनदा मागून घेतली आणि पुढल्या बुधवारची वेळही ठरवून आल्या.

त्या येणार म्हटल्यावर मी कंबर कसूनच बसलो होतो. मिशनची बाई, आज ना उद्या धर्माचा विषय काढणार. मी उत्तरं तयार ठेवली होती, त्यातली दोन इंग्रजीत. पण बाई विचारणार काय, तर आमटीत कोकम आधी घालायचं की नंतर. दोन महिने वाट बघून शेवटी मीच वैतागून म्हणालो, "बाई, तुम्ही आम्हाला काही सांगणार नाही का?" त्यावर त्या म्हणाल्या, "काका, आधी ऐकू दे. शाळेतली मुलं हातांनी बोलतात, तेच मला अजून येत नाही." मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण वाडी मला काका म्हणते म्हणून त्याही म्हणायच्या. माझी उत्तरं मात्र तशीच पडून राहिली, याचं मला थोडं वाईट वाटलं.

जेवणाआधी त्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि आम्हालाही कळावी म्हणून मोठ्याने मराठीत करायच्या. देवाचे आभार, मग मासे धरणाऱ्यांचे, मग मासळी घेऊन येणाऱ्या मावशींचे, मग माझ्या बायकोचे आणि शेवटी ताटातल्या बांगड्याचे. तोवर बांगडा गार. "या घरात माझे आभार मानणारं कोणीतरी आलं एकदाचं," असं बायको मला ऐकवायची. त्यांचे पांढरे बूट हा आणखी एक विषय. आमच्या तांबड्या मातीत पांढरे बूट घालायचे आणि रोज संध्याकाळी पडवीत बसून ते घासायचे. माती हटली नाही आणि बाईही हटल्या नाहीत.

आता सांगायला नको वाटतं ते सांगतो. दुसऱ्या वर्षी शिमगा जवळ आला तेव्हा मी सवयीने बोलून गेलो, "रविवारी आमच्याकडे देवीची पालखी येणार. तुम्ही हव्यातच." डायरीत रविवार लिहिला गेला. बाई तयारीला लागल्या. बायकोकडून अंगण सारवायला शिकल्या, शेणाचे हात नाचवत मुलांसारख्या हसल्या. आणि मला घोर लागला. देवी वर्षातून एकदा घरी येते. दारात मिशनची बाई उभी. गावकरी काय म्हणतील? कोणी काही म्हटलं नव्हतं. सगळं माझ्याच डोक्यात.

शनिवारी त्या म्हणाल्या, "उद्या पालखी!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या कुठली? सोमवारी." बाईंनी डायरी काढली, रविवार खोडला, सोमवार लिहिला. रविवारी पहाटेच त्या शाळेच्या कामाला चिपळूणला गेल्या.

पालखी आली. त्यांनीच सारवलेल्या अंगणात नाचली. बायकोने ओटी भरली, गाऱ्हाणं झालं. मग मानकरी इकडेतिकडे बघत म्हणाले, "काय वो काका, तुमच्या बाई कुटं हायत?"

"कामाला गेल्या," मी म्हणालो.

"आसं कसं? परवा माझ्याकडं येऊन ईचारून गेल्या, उबं कुटं ऱ्हायाचं, काय चुकायला नको म्हनून. मी बोललो, तुळशीजवळ ऱ्हावा, मी सोता तुमाला देवी दाखवतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि बोलू नये असंच मला वाटत होतं.

संध्याकाळी बाई आल्या, अंगणातला गुलाल बघून थबकल्या. तेव्हा खरं बोलायची संधी होती. मी म्हणालो, "मी तर पहिल्यापासून रविवारच म्हणत होतो." त्यांनी डायरी उघडली. खोडलेला रविवार त्यांच्याच हातचा. "खरंच, इथे रविवारच होता. मीच खोडला," त्या म्हणाल्या. "माफ करा काका, मी तुमच्या देवीचा दिवस विसरले." माफी त्यांनी मागितली आणि मी ती घेतली.

बाई परत गेल्या त्याला तीन वर्षं झाली. दर शिमग्याला त्यांचा फोनवर निरोप येतो, पालखी कोणत्या वारी? मी वार कळवतो, वेळेसकट. यंदाच्या निरोपात दोन ओळी जास्त होत्या. स्मरणशक्ती तपासायला त्या डॉक्टरांकडे जातात. हे केव्हापासून, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं, रत्नागिरीपासून. तिथे मी पालखीचा वार विसरले होते.

फोनवर उत्तर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. त्यांना मराठी वाचता येतं; बोट ठेवून वाचतात, वेळ लागतो, पण सोडत नाहीत. म्हणून हे सगळं कागदावर लिहिलं आहे आणि उद्या टपालात टाकतो आहे.

बाई, तुम्ही काही विसरला नव्हता. रविवारच होता. शनिवारी तुम्ही 'उद्या पालखी' म्हणालात तेव्हा मी खोटं बोललो, आणि संध्याकाळी पुन्हा बोललो. मानकऱ्यांनी तुमची वाट पाहिली होती. मला लाज वाटते. तुमच्या डॉक्टरांना एवढं नक्की सांगा.